समूहोपचार : गोलात बसून मनावर इलाज

जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने झालेले बालमृत्यू आठवतात. मुलांची वजने तेव्हापासून मोजली जातात. मूल गमावलेल्या आईच्या मनाची चौकशी मात्र क्वचितच होते. उदासी, निद्रानाश, कशातही रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. मनोविकारतज्ज्ञ पाड्यापाड्यावर पोचणे कठीण. मग उपाय काय?

एक उपाय म्हणजे समूहोपचार. बोस्टनमध्ये १९०५ साली डॉ. जोसेफ प्रॅट क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग घेऊ लागले. हेतू आरोग्यशिक्षणाचा होता. पण रुग्णांना खरा धीर एकमेकांकडून मिळतो, असे दिसून आले.

समूहोपचारात आठ-दहा जण ठरलेल्या वेळी गोलात बसतात. बोललेले बाहेर जाणार नाही, हा पहिला नियम. ‘हे माझ्या एकटीचेच नाही’ हे उमगले की अपराधी भाव सैल होतो. दुसरीला धीर देताना आपलाही उपयोग आहे, हे जाणवते.

युगांडाच्या खेड्यांत २००२ साली, दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिकांनी असे गट सोळा आठवडे चालवले. शेवटी गटांतील ६.५ टक्के लोकांत नैराश्य उरले. गट न मिळालेल्यांत ५४.७ टक्के.

अर्थात, आत्महत्येचे विचार किंवा तीव्र आजार असल्यास डॉक्टरच हवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक शाळेत लावून ठेवावा. पण ऐकून घेणारा गोल जमवायला अंगणवाडीचा ओटाही पुरतो.