साध्या कामावर ग्रीन कार्ड?
जिंतूर-सेलूकडील एखाद्या श्रावक कुटुंबापुढे दलालाने ‘अमेरिकेत साध्या कामावर कायम वास्तव्य’ असा प्रस्ताव ठेवला, तर तो थेट थापच मानू नये. दोन वर्षांहून कमी प्रशिक्षणाच्या कायमस्वरूपी कामासाठी तशी तरतूद आहे. मात्र स्थानिक कामगार मिळत नाही, हे मालकाने तेथील श्रम खात्याला आधी दाखवून द्यावे लागते. या प्रमाणपत्राचा खर्च, मालकाच्या वकिलाच्या शुल्कासह, कामगाराकडून घेण्यास २००७ पासून मनाई आहे. मग शेत विकून द्यायचे लाखो रुपये कशाचे? शिवाय १९९० च्या कायद्याने या वर्गासाठी वर्षाला फार तर १०,००० व्हिसा ठेवले. त्यांतच पत्नी-मुलेही मोजली जातात. भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालाला आपल्याकडेही सरकारी नोंदणी लागते; तो क्रमांक पैशांआधी मागावा.