कमी पाण्यावर गलांडा

बुलडाणा जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी विहिरी तळ गाठू लागतात आणि नेमकी तेव्हाच फुलांना मागणी येते. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, पाठोपाठ लग्नसराई. फुलांची चादर व सेहरा विकणाऱ्या आपल्या बांधवांना माल हवा असतो. अशा वेळी गलांडा (गॅलार्डिया) परवडतो. हलकी, निचऱ्याची जमीन त्याला चालते. पाणी साचले मात्र मुळे कुजतात. नोव्हेंबरच्या आरंभी गादीवाफ्यावर बी टाकावे, महिन्याभराने रोपे दीड-दोन फुटांवर लावावीत. पुढे सुमारे अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. सुकलेली फुले झाडावर ठेवू नयेत, बहर घटतो. माल नाशवंत आहे. म्हणून पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच लावा आणि हारवाल्याशी आधीच बोलून ठेवा.