प्लग छोटा, हिशेब मोठा

हिंगोलीतल्या आमच्या घरासमोर आजही एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. वडिलांनी १९८४ साली घेतलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवली. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. मुंबईत तीच काळी-पिवळी टॅक्सी होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. घरोघरच्या गाड्या मात्र अजून आहेत. त्या नीट चालाव्यात म्हणून माझी एक चूक आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आमच्या गाडीचे पाणी संपले, इंजिन तापले आणि हेड वाकडे झाले. मिस्त्रींनी ते फेसिंग करून सरळ केले. मीही हौसेने आणखी थोडे घासून घेतले, सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन टाकले आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. गाडी टुणकन उडी मारू लागली. पण गावात फिरताना प्लग काळे पडत होते. मी विचार केला, प्लग जरा गरम जातीचा टाकू, काजळी जळून जाईल. टाकला. आठ दिवसांनी, भर मे महिन्यात, पाच माणसे घेऊन औंढा नागनाथला निघालो. चढावर इंजिनातून खडखड आवाज आला, मग धूर. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडले होते. प्लगची चिनीमाती पांढरीफटक, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे चमचमते कण. आईला उन्हात दोन तास झाडाखाली बसावे लागले. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

असे का झाले? पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ सीसी. समजा वरची ज्वलनाची जागा ४२ सीसी आहे. २७२ अधिक ४२ म्हणजे ३१४, भागिले ४२, म्हणजे संपीडन गुणोत्तर सुमारे साडेसात. हेड घासून ती जागा ३९ सीसी झाली, तर तेच गुणोत्तर सुमारे आठ होते. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि ती सगळ्यात आधी प्लगच्या टोकाला लागते.

आता 'गरम' आणि 'थंड' प्लग म्हणजे काय ते पाहू. ठिणगीच्या ताकदीशी या शब्दांचा संबंध नाही. आतल्या चिनीमातीचे नाक लांब असेल, तर उष्णता हेडकडे जायला वेळ लागतो. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते. तो थंड प्लग. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर काजळी आपोआप जळते. साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेले तर ते निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. माझ्या इंजिनाला एक पायरी थंड प्लग हवा होता, मी उलट केले. काजळीचे खरे कारण कार्ब्युरेटरचे दाट मिश्रण होते. ते दुरुस्त न करता मी प्लगने झाकले.

दुकानात आकडे फसवतात, हेही लक्षात ठेवा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड. चॅम्पियन आणि आजच्या बॉशमध्ये आकडा मोठा तर प्लग गरम. आणि बॉश-मायकोच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यू १४५, १७५, २२५ या आकड्यांत, मोठा तो थंड! म्हणून जुन्या डबीवरचा आकडा नव्याशी थेट जुळवू नका. तुलनेचा तक्ता मागा.

त्याआधी प्लगचे माप जुळले पाहिजे. आट्यांचा व्यास, आट्यांचे अंतर, आट्याच्या भागाची लांबी आणि बैठक, या चारही गोष्टी मूळ प्लगप्रमाणेच हव्यात. १४ मिलिमीटरचे प्लग साडेबारा मिलिमीटरच्या जवळपास आणि १९ मिलिमीटर, अशा दोन लांब्यांत सर्रास मिळतात. लांब प्लग पिस्टनला ठोकतो. आखूड प्लगमुळे हेडच्या उघड्या आट्यांत काजळी बसते. वॉशरची सपाट बैठक आणि निमुळती बैठक यांचीही अदलाबदल करू नका.

मग गॅप. पॉइंटवाल्या गाडीला साधारण ०.६ मिलिमीटर चालते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ०.८ च्या आसपास ठेवता येते, पण वाढलेल्या दाबाखाली ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. म्हणून लहान गॅपपासून सुरुवात करा, फीलर गेजने मोजा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बनवणारा रेझिस्टर प्लग सांगत असेल तर तोच घ्या.

हेड ॲल्युमिनियमचे आहे. गरम इंजिनातून प्लग काढू नका. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा, वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. नंतर दहा-पंधरा किलोमीटर भार देऊन चालवा, इंजिन बंद करून बाजूला लावा, थंड झाल्यावर प्लग पाहा. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. कोरडा काळा म्हणजे मिश्रण दाट किंवा प्लग थंड. ओला तेलकट म्हणजे रिंगा पाहा. पांढरा दिसला तर लगेच थांबा. मिश्रण, टायमिंग आणि प्लग तिन्ही तपासा. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे विरळ होते, हेही ध्यानात असू द्या.

शेवटची गोष्ट हौशी मंडळींसाठी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आमच्या पद्मिनीची पन्नाशी २०३४ मध्ये. म्हणून पिस्टन बदलताना मी हेडही जुन्या मापाचे शोधून आणले आणि जुना डेल्को पुन्हा बसवला. यंदा त्याच चढावर गाडी आवाज न करता गेली. मागे बसलेले वडील एवढेच म्हणाले, "आता बरोबर बोलते."

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)