इंग्रजी लिहिताना नेमके अडते कुठे?

मराठी माध्यमातून विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याचा इंग्रजी निबंध फसला, की ‘व्याकरण कच्चे’ असे निदान होते. ते बरेचदा अपुरे असते. खरा ताण कार्यकारी स्मृतीवर (एका वेळी मनात धरून वापरता येणाऱ्या माहितीवर) येतो. आखणी, शब्दांकन आणि फेरतपासणी या क्रिया लिहिताना सतत एकमेकींत मिसळतात, हे लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये मांडले. परक्या भाषेत शब्द शोधणे, क्रियापद वाक्याच्या शेवटून मध्ये आणणे, मराठीत नसलेली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे सांभाळणे, ही कामे त्यात वाढतात. नवशिका एक पोळी लाटत असताना तव्यावरची करपते, तसेच मुद्दा धरावा तर वाक्य निसटते.

म्हणून कामे वेगळी करावीत. आधी मुद्दे टिपावेत, मग चुकांकडे न पाहता कच्चा खर्डा लिहावा, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करावी. मुद्दे मराठीत टिपणे ही पळवाट मुळीच नाही. त्याने विचार मोकळा होतो. वाक्यागणिक भाषांतर मात्र टाळावे, कारण मराठीची रचना जशीच्या तशी इंग्रजीत उतरते. शिक्षकांनीही कच्चा खर्डा पाहायला हवा. लाल शाईने भरलेली अंतिम प्रत हाती येते, तेव्हा सुधारायला वेळच उरलेला नसतो.