तळ कुणाचा?

तलावात पडलेली अंगठी शोधायची तर मेटल डिटेक्टरची बॅटरी बघण्याआधी त्या तलावाचा तळ कुणाच्या मालकीचा आहे ते बघावं लागतं. पाण्यात उतरायचा हक्क वेगळा आणि तळातून काही उचलायचा हक्क वेगळा. पाण्याखाली धातू शोधणारे हौशी लोक आणि काठावरचे घरमालक यांच्यात जी भांडणं होतात, त्यातली बरीचशी हे दोन हक्क एकच समजल्यामुळे होतात, असं माझं मत झालं आहे.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला राहते. मेंडोटा, मोनोना अशा तलावांमध्ये वसलेलं हे शहर. मेंडोटाच्या काठाने कितीतरी ठिकाणी खासगी घरं आहेत, त्यांची हिरवळ थेट पाण्यापर्यंत उतरते आणि प्रत्येकाचा स्वतःचा लाकडी धक्का. गेल्या जुलैत ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने भाड्याने बोट घेतली, अशाच एका घरासमोर कमरेएवढ्या पाण्यात नांगर टाकला आणि सगळे पोहायला उतरले. गार पाण्यात बोटं आकसतात, त्यात सनस्क्रीनने हात तुळतुळीत झालेला. वहिनींच्या बोटातली लग्नातली अंगठी निसटली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ अशा वस्तू शोधून देतात, पैसे घेत नाहीत. त्यांना विचारलं, आणि चाळणी धरायला मीही गेले.

त्यांनी आधी नकाशा उघडला. मेंडोटा हा नैसर्गिक तलाव आहे, म्हणून त्याचा तळ राज्याचा, म्हणजे जनतेसाठी राखलेला. याची मुळं 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सपर्यंत जातात. मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्सला मिळणारे जलमार्ग सर्वांना कायम खुले राहतील, असं त्यात ठरलं होतं. 1848 साली विस्कॉन्सिन राज्य झालं तेव्हा हेच कलम राज्यघटनेत आलं. त्यामुळे इथे बोट चालवणं, मासे धरणं, पोहणं, पाण्यातून चालणं यांना काठावरच्या घरमालकाला आडकाठी करता येत नाही. समोर कितीही मोठा बंगला असो.

मात्र काठाचं तसं नाही. 1923 साली विनेबॅगो तलावावरून डोमेल विरुद्ध यान्ट्झ हा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नेहमीच्या उच्च जलरेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत जी कोरडी पट्टी उघडी पडते, तिच्यावरून चालायचा हक्क जनतेला आहे का, एवढाच प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, नाही, तिचा वापर काठाच्या मालकाचा. तेव्हापासून इथे सगळे एकच सांगतात: पाय ओले ठेवा. पाऊल पाण्यात आहे तोवर तुम्ही सार्वजनिक जागेत, कोरड्या वाळूवर टेकलं की दुसऱ्याच्या जागेत. मिशिगन सरोवराच्या विस्कॉन्सिनकडच्या काठालाही हाच नियम आहे. मिशिगन राज्यात मात्र 2005 च्या ग्लास विरुद्ध गोकल या निकालाने महासरोवरांच्या काठावर उच्च जलरेषेपर्यंत, म्हणजे कोरड्या वाळूवरूनही, लोकांना चालायला मोकळीक दिली. इंडियानाच्या न्यायालयाने 2018 मध्ये त्या रेषेपर्यंतची जमीन राज्याचीच ठरवली. सरोवर एकच, पण राज्याची हद्द ओलांडली की पाऊल कुठे ठेवायचं ते बदलतं.

मग पाण्यापर्यंत पोचायचं कसं? कुणाच्या अंगणातून तर जाता येत नाही. इथे तलावाकाठी नवे प्लॉट पाडताना साधारण दर अर्ध्या मैलाच्या आत किमान 60 फूट रुंदीची सार्वजनिक वाट पाण्यापर्यंत सोडावी, असा कायदा आहे. जुन्या वस्तीत रस्त्यांची टोकंच तलावाशी जाऊन थांबतात. आम्ही अशा एका टोकाने उतरलो आणि पाण्यातूनच त्या घराकडे निघालो. वाटेत धक्के लागले. धक्का खासगी असतो, त्याच्यावर चढून पलीकडे जायचं नाही, त्याच्या टोकाला वळसा घालायचा. एके ठिकाणी टोकाशी पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "काका, वरून गेलो तर दोन पावलांचंच काम आहे." काका आमची मराठी हाक ओळखतात. त्यांनी मान हलवली आणि पुढे चालत राहिले.

घरासमोर पोचलो तर मालकीणबाई हिरवळीवर आल्या. "ही आमची जागा आहे," त्या म्हणाल्या. काकांनी कानावरचे हेडफोन काढले. "हिरवळ आणि काठ तुमचाच आहे, आम्ही पाण्यातच थांबू. ह्यांची लग्नातली अंगठी इथे पडली आहे. खणलेले खड्डे बुजवून जाऊ." कायद्याने त्यांना हे सांगायची गरज नव्हती. पण अनोळखी माणूस आपल्या मुलांच्या पोहायच्या जागी लोखंडी दांडा घेऊन खणताना दिसला तर कुणालाही धास्ती वाटेलच. घंटी वाजवून किंवा हाक मारून आधी सांगणं हा या कामाचाच भाग आहे असं मी मानते. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि बोट नेमकी कुठे उभी होती ते त्यांनीच बोटाने दाखवलं. दुपारी त्या खिडकीतून बघत होत्या.

शोधायची पद्धत अशी. तळात दोन काठ्या रोवून दोरी ताणायची, दोरीलगत सावकाश पुढे सरकत वर्तुळाकार कॉइल तळापासून बोटभर उंचीवर डावी-उजवीकडे फिरवायची, मग दोरी हातभर सरकवायची. फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढल्या पाहिजेत, नाहीतर मध्ये पट्टा सुटतो आणि अंगठी नेमकी तिथेच असते. पल्स इंडक्शनचं यंत्र खोलवरचं ऐकतं, पण त्याला लोखंड आणि सोनं यांतला फरक नीट कळत नाही. काकांचं यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, त्यामुळे खिळ्याचा आवाज खरखरीत आणि जाड येतो. खरी अडचण ॲल्युमिनियमची. जुन्या बिअरच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज जवळपास सारखा असतो. म्हणून असा आवाज सोडायचा नाही, प्रत्येक खणायचा.

आवाज आला की लांब दांड्याचा, भोकं पाडलेला स्टीलचा स्कूप पायाने रोवायचा, उचलून पाण्यातच हलवायचा, आणि उरलेलं माझ्या तरंगत्या चाळणीत. वर यायच्या त्या कड्या, माशांच्या गळाची शिशाची वजनं, झेब्रा शिंपल्यांची धारदार कवचं. 2015 मध्ये हे शिंपले मेंडोटात सापडले, आता अनवाणी उतरायची सोय राहिली नाही. अंगठी निघाली ती चिकणमातीच्या थरावर. सोनं जड, मऊ वाळूतून खाली जातं आणि कठीण थर लागला की थांबतं.

पण हे सगळं मेंडोटा नैसर्गिक तलाव असल्यामुळे इतकं सोपं गेलं. धरण बांधून तयार झालेल्या जलाशयात इथे बहुधा तळ खासगी असतो: पाण्यावर तुम्ही तरंगू शकता, पण खालची जमीन ज्याची त्याची. मिशिगनमधल्या आतल्या तलावांचंही तेच. काठाच्या जमिनीचा मालक तळाचाही मालक असतो. तिथे स्कूप रोवण्याआधी परवानगी घ्यावी, शक्यतो लेखी. याबाबत जुना इंग्रजी निकाल अजूनही सांगितला जातो. 1896 मध्ये लिचफील्डच्या मिन्स्टर पूलचा गाळ काढताना एका मजुराला दोन सोन्याच्या अंगठ्या मिळाल्या. मूळ मालक सापडला नाही, तेव्हा न्यायालयाने त्या मजुराला नाही, तलाव ज्यांच्या ताब्यात होता त्या पाणीपुरवठा कंपनीला दिल्या. गाळात रुतलेली वस्तू ही जमिनीच्या ताब्याबरोबर जाते, हे त्यामागचं सूत्र. मूळ मालक पुढे आला तर त्याचा हक्क अर्थात आधीचा.

राज्याच्या तळातही मनमानी चालत नाही. हाताच्या स्कूपने वाळू चाळणं एक, पंपाने गाळ ओढणं दुसरं, त्याला परमिट लागतं. आणि जुन्या वस्तूंचा कायदा सगळ्यांत कडक आहे. राज्याच्या जमिनीतून, तलावाच्या तळातूनही, पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढता येत नाही. आपल्याकडे भारतात 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत पुरलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तिथे निदान सापडल्यानंतरचा विचार आहे. इथे काढण्याआधीच थांबायचं.

हे बंधन मला योग्य वाटतं आणि त्याचं कारण मेंडोटातच आहे. 2021 मध्ये राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या सागरी पुरातत्त्वज्ञ तमारा थॉमसेन यांना डुबकी मारताना तळात लाकडी होडीचं टोक दिसलं. एकाच खोडातून कोरलेली ती होडी सुमारे 1200 वर्षांची निघाली, आत जाळ्याला बांधायची दगडी वजनं होती. पुढच्या वर्षी जवळच दुसरी मिळाली, सुमारे 3000 वर्षांपूर्वीची. लाकूड आणि दगड डिटेक्टरला ऐकू येत नाहीत. शेजारच्या एखाद्या कडीचा आवाज ऐकून कुणी तिथे स्कूप रोवला असता तर होडीची कड तुटली असती आणि तुटल्याचं त्याला कळलंही नसतं. म्हणून काका स्कूपला लाकूड लागलं की खणणं थांबवतात, जागेची खूण करून ठेवतात आणि सोसायटीला फोन करतात.