मुक्तस्रोत शिक्षणमंचांची सुगम्यता आणि मराठीचे व्याकरण

आंतरजालावरील शिक्षणमंच हा अभियंत्याच्या अखत्यारीतील विषय असून भाषेच्या अभ्यासकाचे काम पारिभाषिक संज्ञा सुचविण्यापुरतेच आहे, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात सर्वत्र आढळते. ही समजूत अपुरी कशी आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. सुगम्यता म्हणजे अंध, मंददृष्टी, कर्णबधिर अथवा हातांच्या हालचालीस मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यासही मंचाचा वापर इतरांच्या बरोबरीने करता येणे. मराठीपुरते बोलावयाचे तर ही सुगम्यता बऱ्याच अंशी उच्चार, लिपी आणि व्याकरण या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

उदाहरणादाखल ‘मूडल’ हा मंच घेऊ. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध केली. त्याचा आज्ञासंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे तो कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येतो. पडद्यावर दिसणारी वाक्ये आज्ञासंचापासून अलग काढून प्रत्येक भाषेच्या स्वतंत्र संचात ठेवलेली असतात, आणि हे भाषासंच जगभरचे स्वयंसेवक तयार करतात. एखादे मराठी वाक्य सदोष असल्यास ते दुरुस्त करण्याची वाट येथे मोकळी आहे, हा मुक्तस्रोत पद्धतीचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ होय. मात्र वाट मोकळी असणे आणि तिच्यावरून कोणी चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ठरविली आहेत. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली आली. तिचा विस्तार २०१८ आणि २०२३ साली झाला. आशय इंद्रियांना जाणवावा, हाताळता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर अबाधित राहावा, या त्यांतील चार मूलभूत कसोट्या. त्यांखालील नियम बरेच नेमके आहेत. उदाहरणार्थ, सामान्य आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. तथापि हे नियम सर्व भाषांसाठी एकच आहेत. ते मराठीला लावताना कोणते प्रश्न उद्भवतात, हे मराठीच्या अभ्यासकानेच सांगितले पाहिजे.

पहिला प्रश्न उच्चाराचा. अंध विद्यार्थी पडद्यावरील मजकूर पटवाचकाच्या साहाय्याने ऐकतो. ‘एनव्हीडीए’ हा असाच एक मुक्तस्रोत पटवाचक. त्याच्या निर्मितीस २००६ साली ऑस्ट्रेलियात आरंभ झाला. प्रत्येक पानाची भाषा कोणती, हे पानाच्या संहितेत नोंदविणे ही मार्गदर्शक तत्त्वांची प्राथमिक अट आहे आणि एखादा उतारा वेगळ्या भाषेत असल्यास त्याचीही नोंद करणे ही त्यापुढील अट. देवनागरीच्या बाबतीत या नोंदीला विशेष महत्त्व आहे, कारण हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा निश्चित करता येत नाही. नोंद हिंदीची असेल तर ‘ज्ञान’ या शब्दाचा उच्चार ‘ग्यान’ होईल, आणि ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’चा मराठीतला भेद नाहीसा होईल. नोंद इंग्रजीची असेल तर अख्खा परिच्छेदच अनाकलनीय होण्याचा संभव असतो. डोळस वाचकास यांपैकी कोणताही दोष दिसत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरा प्रश्न लिपीचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अशा दोन्ही अंगांनी चिन्हे येतात. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ओळीची उंची कायम केली की वेलांट्या, रफार आणि उकार छाटले जातात. मंददृष्टी विद्यार्थ्याने अक्षरे मोठी केल्यावर हा दोष अधिकच जाणवतो. याहून गंभीर अडचण जुन्या टिपणांची आहे. युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत तयार झालेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती निराळ्याच चिन्हांची निरर्थक मालिका असते. असा मजकूर मंचावर जसाच्या तसा चढविल्यास तो ना ऐकता येतो, ना शोधता येतो. युनिकोडमध्येही एक मराठी पेच उरतोच. ‘आचाऱ्याला’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी लिहिता येतो : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, आणि एकदा साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या योगाने. दोन्ही रूपे दिसावयास सारखीच. मंचाच्या शोधयंत्रणेने त्यांचे एकीकरण केले नाही, तर धड्यात असलेला शब्द ‘आढळला नाही’ असे उत्तर विद्यार्थ्यास मिळते.

तिसरा प्रश्न व्याकरणाचा, आणि तो आपल्या विद्याशाखेच्या सर्वांत निकटचा. भाषासंचातील पुष्कळ वाक्यांत एक जागा रिकामी असते. तीत व्यक्तीचे वा अभ्यासक्रमाचे नाव यंत्र आयत्या वेळी भरते. इंग्रजीत नामाला विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप होत नाही, त्यामुळे तेथे ही युक्ती निर्वेध चालते. मराठीत मात्र ‘मराठी कविता मध्ये आपले स्वागत’ असे अशुद्ध वाक्य तयार होते. येथे ‘या’ हे दर्शक उपयोगी पडते. ‘ “मराठी कविता” या अभ्यासक्रमात आपले स्वागत’ अशी रचना केली की विभक्तीचा भार ‘अभ्यासक्रम’ या ठरीव शब्दावर पडतो आणि भरलेले नाव मूळ रूपातच राहते.

लिंगाचेही असेच. ‘आला’ की ‘आली’, हे नावावरून यंत्रास ठरविता येत नाही. परंतु मराठीतील कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘सीमा कुलकर्णी यांनी उत्तरपत्रिका सादर केली’ या वाक्यात कर्त्याचे लिंग काहीही असले तरी क्रियापद बदलत नाही. शिवाय ‘यांनी’मुळे सामान्यरूपाची अडचण टळते आणि आदरही राखला जातो. ‘नवा-नवी-नवे’ याऐवजी ‘नवीन’ आणि ‘दुसरा-दुसरी’ याऐवजी ‘पुढील’ ही अविकारी विशेषणे योजावीत. एकवचन-अनेकवचनाचा पेच ‘उत्तरांची संख्या : ५’ अशा मांडणीने सुटतो. हे उपाय मराठीच्या घडणीतूनच निघालेले आहेत. त्यांसाठी आज्ञासंचाला हात लावण्याचीही गरज नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा आग्रह आहे, असे काहींना वाटेल. पण डोळस वाचक मोडके वाक्य एका दृष्टिक्षेपात सावरून घेतो. ऐकणाऱ्यास ती सोय नसते. शब्द त्याच्यापर्यंत एकामागून एक पोहोचतात आणि प्रत्येक अडखळ त्याचा वेळ घेते. याच कारणास्तव ‘येथे दाबा’ असे दहा दुवे एका पानावर देणे अयोग्य होय. अंध विद्यार्थी पुष्कळदा दुव्यांची नुसती यादी ऐकतो. त्या यादीत ‘येथे दाबा’ दहा वेळा ऐकून त्यास काहीच बोध होत नाही. दुव्यातील पहिलाच शब्द अर्थवाहक असावा : ‘व्याख्यान ३ : संधी’ हा दुवा स्वयंपूर्ण आहे. शीर्षके केवळ ठळक अक्षरांत न लिहिता शीर्षक म्हणूनच नोंदविली, तर पटवाचकाला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेता येते.

सुगम्यता तपासणारी यंत्रसाधने रंगांचे गुणोत्तर मोजतात, भाषेची नोंद मुळीच नसल्यास तेही सांगतात. परंतु वाक्यातील सामान्यरूप चुकले आहे, किंवा दुव्याचा शब्द निरर्थक आहे, हे जाणण्यास भाषा जाणणारे माणूसच लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने शासनाच्या अनुदानावर अथवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. आपली टिपणे, प्रश्नपत्रिका आणि व्याख्याने मंचावर ठेवणारा प्रत्येक अध्यापक या जबाबदारीचा वाटेकरी आहे.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी भाषासंचातील शंभर-शंभर वाक्ये घेऊन वरील कसोट्यांवर तपासली आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठविल्या, तर तो प्रयोगांचा आणि विभक्तिविचाराचा उत्तम प्रात्यक्षिक अभ्यास ठरेल. तपासलेली वाक्ये एखाद्या अंध विद्यार्थ्यास पटवाचकावर ऐकवून त्याचे मत घ्यावे आणि तेच अखेरचे मानावे. हे काम झाले नाही, तर मराठी माध्यमातील अंध विद्यार्थ्यापुढे इंग्रजी मंच पत्करणे किंवा मंचच सोडणे एवढेच दोन पर्याय उरतील. आणि हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.