ब्रोमो : ज्वालामुखीच्या वाळूतून जीपने

इंडोनेशियात पूर्व जावामधील ब्रोमो (२,३२९ मीटर) हा जागृत ज्वालामुखी तेंग्गेर नावाच्या विशाल ज्वालामुखी-कुंडात उभा आहे. जुन्या पर्वताचा माथा खचून हे कुंड तयार झाले.

कुंडाचा तळ राखाडी वाळूचा. ही वाळू म्हणजे उद्रेकांतून पडलेली राख आणि खडकांचा चुरा. कोरडी असताना ती भुसभुशीत असते, चाके रुततात. म्हणून इथे फोर-व्हील ड्राइव्हच्या जीपच लागतात. अशा वाळूत टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, भार विभागला जातो आणि गाडी तरते.

फेरी पहाटेच्या अंधारात सुरू होते. पेनांजाकान या उंच ठिकाणावरून सूर्योदय, मग वाळू ओलांडून ब्रोमोचा पायथा. पुढे चालत, शेवटी पायऱ्या. विवराच्या काठावर गंधकाचा उग्र वास येतो; दम्याच्या रुग्णांनी वर जाऊ नये.

पायथ्याशी तेंग्गेरी हिंदूंचे मंदिर आहे. कासादा उत्सवात ते धान्य, भाज्या, कोंबड्या ज्वालामुखीच्या मुखात अर्पण करतात. सगळ्या फेरीत सर्वांत मोलाचे ठिकाण हे मंदिरच. तिथे घाई करू नये.

मास्क आणि उबदार कपडे अत्यावश्यक. निघण्यापूर्वी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी जरूर तपासावी.